तक्ता वाचता येतो, तरीही

भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचता आला, की माणूस निश्चिंत होतो. केसपेपरवर ६/६ लिहिले जाते, चष्म्याचा नंबर तोच राहतो आणि डोळ्यांचा विषय वर्षभरासाठी मिटतो. बहुतेकांच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण जी माणसे वर्षानुवर्षे एखादे औषध घेत आहेत, त्यांच्यातल्या काहींना हे ६/६ फसवू शकते. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केलेला हा तक्ता नजरेच्या अगदी मध्याची परीक्षा घेतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, बारीक अक्षरे ओळखणारी जागा जेमतेम मिलिमीटरभराची असते. ती शाबूत असली की तक्ता वाचता येतो. तिच्या भोवतीचा भाग झिजायला लागला असला तरी तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि पुष्कळदा ज्याचा डोळा आहे त्यालाही लागत नाही.

याचे कारण मेंदूच्या एका सवयीत आहे. प्रत्येक डोळ्यात जिथून दृष्टीची नस बाहेर पडते, तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे प्रत्येकाच्या नजरेत जन्मापासून एक आंधळी जागा आहे. फ्रान्सच्या एद्म मारियॉत यांनी ती सतराव्या शतकात दाखवून दिली. पण आपल्याला तिथे काळा डाग कधीच दिसत नाही. आजूबाजूचे जे दिसते त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. औषधामुळे नजरेत नव्याने पडलेली छोटी भोकेही मेंदू अशीच बुजवतो. रुग्ण वाट पाहत असतो डोळ्यासमोर काही काळे येण्याची, आणि तसे काही येतच नाही.

या प्रकरणात मुख्यतः दोन औषधांचा विचार करायचा आहे. एक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे संधिवाताचे आणि ल्युपसचे रुग्ण ज्याला ‘एचसीक्यू’ म्हणतात ते. दुसरे टीबीच्या उपचारातले इथँब्युटॉल. दोन्ही मोलाची औषधे आहेत हे आधीच सांगितले पाहिजे, कारण दुष्परिणामांविषयी वाचून घाबरलेला माणूस पहिल्यांदा गोळीच बंद करतो. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, एचसीक्यू सोडल्यावर आजार उसळू शकतो आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. टीबीचा उपचार अर्धवट टाकला तर जिवावर बेतते. पुढचे सगळे वाचायचे आहे ते औषध चालू ठेवून डोळे कसे सांभाळावेत, हे समजून घेण्यासाठी.

एचसीक्यूचे मूळ मलेरियाच्या औषधांत आहे. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि तिथून जगाला होणारा क्विनाइनचा पुरवठा तुटला. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना मग मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. त्या खाऊन कातडी पिवळी पडे. पण ज्यांना आधीपासून सांधेदुखी किंवा त्वचेवर चट्टे होते, अशा काहींना गोळ्यांनी आरामही पडू लागला. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज या ब्रिटिश डॉक्टरांनी मेपाक्रिनने ल्युपसला गुण येतो, असे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. पुढे जर्मनीत हान्स आंडरसाग यांनी १९३४ मध्येच बनवलेले क्लोरोक्विन या कामासाठी वापरात आले, आणि त्यामागोमाग त्याचेच थोडे सौम्य भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. अमेरिकेत त्याला १९५५ मध्ये मान्यता मिळाली.

मलेरियासाठी ही गोळी काही दिवस घ्यायची, किंवा बचावासाठी आठवड्यातून एकदा. संधिवातासाठी ती रोज घ्यावी लागते, आणि वर्षानुवर्षे. औषध तेच, पण शरीरात जाणारा एकूण साठा कितीतरी पट. १९५९ मध्ये हॉब्ज, सॉर्सबी आणि फ्रीडमन यांनी दीर्घकाळ क्लोरोक्विन घेतलेल्या रुग्णांच्या दृष्टिपटलावर झालेली इजा ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवली. त्या काळी ओळखता येई ती इजा मात्र फार पुढे गेलेली असे. दृष्टिपटलाच्या मध्यावर गडद ठिपका, त्याभोवती फिकट कडे. नेमबाजीच्या फळ्यावरच्या वर्तुळांवरून इंग्रजीत तिला ‘बुल्स आय’ असे नाव पडले. वैद्यकीच्या पुस्तकांत आजही या दुष्परिणामाचे चित्र म्हणून हेच छापले जाते. आज एखाद्या रुग्णाच्या डोळ्यात ते कडे प्रथमच सापडले, तर तपासणीला वर्षानुवर्षे उशीर झाला, असाच त्याचा अर्थ होतो.

हे घडते कसे? दृष्टिपटलाच्या मागे रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एक पातळ थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रोज झिजणारी टोके गिळून पचवणे, हे या थराचे मोठे काम. एचसीक्यूला रंगद्रव्याची ओढ आहे. ते तिथे जाऊन चिकटते आणि पेशींमधल्या, कचरा पचवणाऱ्या छोट्या पिशव्यांत साठत राहते. पचन मंदावते, कचरा साचतो, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू खराब होतात. यातले प्रत्येक पाऊल अजून पूर्ण उलगडलेले नाही, पण साठत जाण्याचा मुद्दा पक्का आहे. म्हणून रोज किती आणि किती वर्षे, या दोन प्रश्नांवर सगळा धोका ठरतो.

‘रोज किती’ याचे उत्तर वजनकाट्यावर मिळते, आणि आपल्याकडे नेमके तिथेच दुर्लक्ष होते असे मला वाटते. नेत्रतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २०१६ मध्ये मर्यादा घालून दिली: प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असते ती २०० मिलीग्रॅमची गोळी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक म्हणजे ४००. हा डोस ८० किलोच्या माणसाला बरोबर बसतो. ४५ किलोच्या बाईला तोच डोस दिला तर किलोमागे जवळजवळ ९ मिलीग्रॅम होतात. संधिवात आणि ल्युपस दोन्ही स्त्रियांमध्ये अधिक आढळतात, आणि ४५-५० किलो वजनाच्या बायका आपल्या घराघरांत आहेत. अशा बाईला रोज एकच गोळी, किंवा ६० किलोच्या माणसाला एक दिवस एक आणि एक दिवस दोन, असा हिशेब डॉक्टर बसवू शकतात. त्यासाठी कोणीतरी तिला काट्यावर उभे करायला हवे, आणि आजारात वजन घटले की पुन्हा उभे करायला हवे. दहा वर्षांपूर्वी ६२ किलो असताना लिहून दिलेल्या गोळ्या ती ४८ किलोवर आल्यावरही तशाच चालू राहतात, हे टाळता येण्यासारखे आहे.

या हिशेबाने किती फरक पडतो ते कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. मेलेस, मार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ एचसीक्यू घेणाऱ्या ३,३२५ रुग्णांचा मागोवा घेऊन २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. किलोमागे ६ मिलीग्रॅमपेक्षा जास्त डोस घेणाऱ्यांत १५ वर्षांत २१.६ टक्क्यांच्या दृष्टिपटलाला इजा झाली. ५ ते ६ मिलीग्रॅमच्या गटात ११.४ टक्के, आणि ५ किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत २.७ टक्के. औषध तेच, वर्षेही तितकीच. यातल्या बऱ्याच इजा सौम्य होत्या आणि तपासणीतच सापडल्या, हेही खरे. तरी २१.६ आणि २.७ यांच्यातला फरक शंभरातल्या एकोणीस माणसांचा आहे.

डोसखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली मूत्रपिंड. औषधाचा काही भाग लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले की योग्य डोससुद्धा शरीरासाठी जास्त ठरतो. दुसरी म्हणजे टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगातले औषध. याच संशोधकांच्या २०१४ मधल्या अभ्यासात दोन्ही औषधे बरोबर घेणाऱ्यांत इजेची शक्यता चार पटींहून जास्त आढळली. भारतात मधुमेहाचीही भर घालावी लागते. इतर गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नसेल तर जोडीला एचसीक्यू द्यायला आपल्याकडे २०१४ पासून परवानगी आहे. मधुमेहाच्या रुग्णाचे मूत्रपिंड आणि दृष्टिपटल या दोन्हींवर आधीच साखरेचा मारा सुरू असू शकतो. म्हणून त्याच्या डोळ्यांची सुरुवातीची तपासणी टाळू नये.

(मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडपासून बचावासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना एचसीक्यू सुचवले, तेव्हा ‘या गोळीने डोळे जातात’ अशी भीती घरोघर पोहोचली. काही आठवड्यांच्या गोळ्यांनी डोळ्यांवर हा परिणाम होत नाही. तेव्हा काळजी करायची होती ती हृदयाच्या ठोक्यांची. डोळ्यांचा प्रश्न वर्षांचा आहे.)

आता तपासणी. औषध सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात एकदा डोळे नीट बघून घ्यायचे, म्हणजे दृष्टिपटलावर आधीचे काही दोष असतील तर ते नोंदले जातात. डोस योग्य असेल आणि वर सांगितलेले धोके नसतील तर पाच वर्षांनंतर दरवर्षी. धोके असतील तर पाच वर्षे थांबायचे नाही. तपासणी म्हणजे बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहणे एवढेच नव्हे, कारण सुरुवातीच्या काळात ते अनुभवी डोळ्यालाही स्वच्छ दिसते. रंगांचे तक्ते आणि चौकटींचा कागदही इथे उशिराच बोलतात. लागतात त्या दोन चाचण्या: ओसीटी आणि फिल्ड.

ओसीटी हे १९९१ मध्ये अमेरिकेत प्रथम दाखवले गेलेले तंत्र. हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे काही क्षण बघायचे, बस्स. प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचा आडवा छेद पडद्यावर उमटतो आणि त्यातले थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतात. एचसीक्यूच्या इजेत प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक ठळक रेघ मध्याच्या दोन्ही बाजूंना तुटक होते आणि मधोमध मात्र टिकून राहते. उरलेल्या भागाच्या आकारावरून डॉक्टर त्याला ‘उडती तबकडी’ म्हणतात. तो मधला शाबूत तुकडा म्हणजेच तक्ता वाचणारी जागा. रुग्ण ६/६ वाचतो, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीतले यंत्र तुटलेली रेघ दाखवते. हे दोन्ही एकाच दिवशी खरे असू शकते.

फिल्ड, म्हणजे दृष्टिक्षेत्राची चाचणी, रुग्णाची परीक्षा पाहणारी आहे. एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावर नजर रोवायची, आणि आजूबाजूला कुठेही प्रकाश लुकलुकला की बटण दाबायचे. प्रकाश मंद होत जातो, इतका की दिसला की भास झाला ते कळेनासे होते. पुष्कळ जणांना वाटते आपण नापास झालो. तसे नसते. ज्यांना सगळे उत्तम दिसते त्यांनाही अर्धे ठिपके दिसत नाहीत, कारण यंत्र मुद्दाम दिसण्याच्या सीमेवर खेळत असते. पहिल्या खेपेचा निकाल बहुधा कच्चा येतो. नजर किती वेळा ढळली, प्रकाश नसताना बटण किती वेळा दाबले, याची नोंद यंत्र ठेवते आणि डॉक्टर ती आधी बघतात. त्यामुळे एका वाईट निकालावरून कोणी औषध बंद करू नये. चाचणी पुन्हा करावी. आणि दमलेले असाल, झोप झाली नसेल, तर तसे सांगून दुसरी तारीख घ्यावी. यात संकोच कशाला?

फिल्डचेही प्रकार आहेत आणि त्यातला फरक रुग्णाला ठाऊक असलेला बरा. काचबिंदूसाठी नेहमी करतात त्या ‘२४-२’ चाचणीत ठिपक्यांमध्ये ६ अंशांचे अंतर असते. एचसीक्यूची सुरुवातीची इजा मध्यापासून २ ते ६ अंशांच्या पट्ट्यात असते, म्हणजे ती त्या ठिपक्यांच्या मधून सहज निसटते. ‘१०-२’ चाचणी मधल्या १० अंशांतच ६८ ठिकाणी प्रकाश टाकते, २ अंशांच्या अंतराने. तिच्यात हे कडे सापडते. पण याला एक महत्त्वाचा अपवाद निघाला. पूर्व आशियाई वंशाच्या रुग्णांत इजा बऱ्याचदा मध्यापासून लांब, १०-२ च्या कक्षेबाहेर सुरू होते. तिथे २४-२ लागते आणि ओसीटीचाही विस्तृत छेद घ्यावा लागतो. भारतीय रुग्णांसाठीही दोन्ही भाग पाहून घेणे शहाणपणाचे. यंत्र तेच असते, दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात.

तक्रारी कधी सुरू होतात? उशिरा, आणि अगदी साध्या वेषात. वाचताना पुढचे अक्षर निसटते, ओळ सुटते, बोट ठेवून वाचावे लागते. तांदूळ निवडताना खडा नजरेतून सुटतो. कडक उन्हात किंवा अंधुक उजेडात पूर्वीसारखे जमत नाही. वय झाले, नंबर वाढला, मोतीबिंदू असेल, असे म्हणून घरचे समजूत घालतात.

इथँब्युटॉलची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. हे औषध १९६१ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून पुढे आले आणि १९६२ मध्येच कार आणि हेन्किंड यांनी त्याने नजर बाधत असल्याचे नोंदवले. इथे दृष्टिपटलाच्या थराऐवजी डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस दुखावते. नजरेच्या मध्याचा संदेश नेणारे तंतू बारीक असतात आणि त्यांना ऊर्जा फार लागते. पेशींमधली ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा या औषधाने बिघडत असावी, असा मुख्य संशय आहे. त्यामुळे इथे मध्यच आधी जातो. दोन्ही डोळ्यांनी, न दुखता, धूसर दिसू लागते. माणसांचे चेहरे पुसट होतात, रंग फिके वाटतात, विशेषतः लाल आणि हिरवा. आणि काळ वर्षांचा नाही, महिन्यांचा. बहुधा दीड-दोन महिन्यांनंतर, पुष्कळदा तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात.

डोसशी याचे नाते स्पष्ट आहे. जुन्या नोंदींनुसार किलोमागे १५ मिलीग्रॅमवर शंभरात एकाहून कमी रुग्णांना, २५ मिलीग्रॅमवर पाच-सहा जणांना, आणि ३५ च्या वर अठरा जणांना हा त्रास झाला. आता आपल्याकडचे चित्र पाहू. २०१७ पासून भारताच्या टीबी कार्यक्रमात रोजच्या एकत्रित गोळ्या आल्या. त्याआधी आठवड्यातून तीन दिवस औषध असे आणि इथँब्युटॉल पहिल्या दोन महिन्यांपुरते. नव्या पद्धतीत ते पूर्ण सहा महिने असते, कारण एका औषधाला न जुमानणारे जंतू उरलेल्या औषधांना दाद देईनात असे होऊ नये. निर्णय योग्य होता. पण त्यामुळे डोळ्यांकडे लक्ष ठेवायचा काळ दोन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेला, हे सगळ्यांपर्यंत पोहोचायला हवे.

गोळ्यांची संख्या वजनाच्या गटांवर ठरते. एका गोळीत इथँब्युटॉल २७५ मिलीग्रॅम. ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला तीन गोळ्या, म्हणजे ८२५ मिलीग्रॅम. रुग्ण ४९ किलोचा असेल तर किलोमागे १७ पेक्षा थोडे कमी पडतात. तोच ३५ किलोचा असेल तर साडेतेवीस. गटाच्या खालच्या टोकाला असलेला, हडकुळा रुग्ण त्याच तीन गोळ्यांत जास्त डोस घेत असतो. त्यात वय साठीपुढचे, मधुमेह, आणि मुख्य म्हणजे मूत्रपिंड कमजोर असेल, तर धोका वाढतो, कारण इथँब्युटॉलचा बहुतांश निचरा मूत्रपिंडातूनच होतो. तंबाखू, दारू आणि कुपोषण याच नसेला वेगळ्या वाटेने दुखावतात. टीबीच्या वॉर्डात या सगळ्या गोष्टी एकाच माणसात सापडणे नवलाचे नाही.

पण एचसीक्यूपेक्षा इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. महागडी यंत्रे लागत नाहीत. भिंतीवरचा तोच तक्ता आणि शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये तयार केलेले रंगीत ठिपक्यांचे पुस्तक, एवढ्यावर बरेचसे काम भागते. ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी ही तपासणी सहज करू शकतात. औषध सुरू होण्याआधी एकदा, मग दर महिन्याला डोळ्यांबद्दल एक प्रश्न, आणि डोस जास्त असेल, मूत्रपिंड कमजोर असेल किंवा औषध दोन महिन्यांपुढे चालणार असेल तर दर महिन्याला तपासणी, असा अमेरिकेतला शिरस्ता आहे. आपल्या सहा महिन्यांच्या उपचारात ‘दोन महिन्यांपुढे’ ही अट प्रत्येकालाच लागू होते. सुरुवातीची तपासणी का हवी, याचे एक कारण असे की काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरवा ओळखता येत नाही आणि त्यांना ते माहीतही नसते. चौथ्या महिन्यात ते इशिहाराच्या पानांवर अडले, तर दोष औषधाचा की जन्माचा हे कसे सांगणार?

घरी करता येण्यासारखेही आहे. रोज त्याच जागी, त्याच उजेडात, आधी एक डोळा तळहाताने झाकून आणि मग दुसरा, कॅलेंडरावरचे ठरावीक अक्षर आणि एखादी लाल वस्तू बघायची. कालच्यापेक्षा अक्षर धूसर किंवा लाल फिके वाटले तर त्याच दिवशी उपचार केंद्रावर जायचे, पुढच्या गोळ्या घ्यायच्या तारखेची वाट पाहायची नाही. आशाताई घरी येत असतील तर त्यांना सांगायचे. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलणे, हे अशा वेळी वाया जाणारे महिने असतात. दुकानदाराने किंवा तंत्रज्ञाने पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची चकती, डोळ्यासमोर धरली तर लगेच अंदाज येतो. नंबरचा दोष असेल तर छिद्रातून अक्षर स्पष्ट होते. नसेचा दोष असेल तर होत नाही. डॉक्टरांनी टॉर्च लावून बघितल्यावर ‘आत सगळे ठीक दिसते’ म्हटले तरी तक्रार सोडून द्यायची नाही, कारण सुरुवातीला नसेचे तोंड खरोखरच निरोगी दिसते. या आजारात रुग्णाचा शब्द डॉक्टरांच्या डोळ्याच्या पुढे असतो.

एकत्रित गोळीतून इथँब्युटॉल एकटे काढता येत नाही, म्हणून गोळ्या घरीच बंद करून बसू नये. केंद्रावर ते वगळून बाकीची औषधे सुटी दिली जातात आणि टीबीचा उपचार चालू राहतो. वेळेत थांबवले तर पुष्कळांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. सगळ्यांची मात्र सुधारत नाही, आणि साठीपुढच्यांची कमीच.

स्टेरॉइडविषयी थोडक्यात पण आग्रहाने सांगायला हवे. उन्हाळ्यात धुळीने मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. एकदा डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडतो, आणि मग तीच बाटली चिठ्ठीशिवाय दुकानातून वर्षानुवर्षे आणली जाते. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर काही मुलांच्या डोळ्यातला दाब गुपचूप चढतो आणि काचबिंदू होतो. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, त्यामुळे मूल अभ्यास करते, क्रिकेट खेळते, आणि घरात कोणाला कळत नाही. थेंब थांबवल्यावर दाब बहुधा उतरतो, पण गेलेली नजर परत येत नाही. वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना तरुण वयातच भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू येऊ शकतो. उन्हात किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात डोळे दिपणे ही त्याची पहिली खूण. दाब मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे ते होते.

एखाद्या रुग्णाला अनेक डॉक्टर असतात आणि डोळ्याचे डॉक्टर त्यातले शेवटचे. संधिवाताच्या डॉक्टरांना ओसीटी दिसत नाही, नेत्रतज्ज्ञांना डोस ठाऊक नसतो. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर औषध सुरू केल्याची तारीख, रोजचा डोस, आजचे वजन आणि शेवटचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) लिहून ठेवावे, आणि दर वर्षी वजनाचा आकडा बदलावा. ओसीटी आणि फिल्डचे जुने कागद फेकू नयेत. एकट्या निकालापेक्षा तीन वर्षांचे निकाल शेजारी ठेवून डॉक्टरांना जास्त कळते.

आणि इजा सापडलीच तर? एचसीक्यूमुळे झालेल्या इजेवर औषध नाही. गोळी थांबवण्याचा निर्णय संधिवाताचे डॉक्टर आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो, कारण तिच्या जागी दुसरे काही सुरू करावे लागते. गोळी बंद केल्यावरही शरीरातले औषध उतरायला कित्येक महिने लागतात. रंगद्रव्याच्या थराला धक्का लागण्याआधी इजा पकडली गेली असेल, तर थांबवल्यावर ती फारशी पुढे सरकत नाही. तो थर झिजल्यावर ती पकडली तर गोळी बंद करूनही नजर वर्षानुवर्षे कमी होत राहू शकते. म्हणून औषध थांबलेल्या रुग्णांनाही डॉक्टर दरवर्षी ओसीटीसाठी बोलावतात.